सांग्गूच्या मानेचं रबर

प्यो सांग्गू माझ्या दारात उभा दिसला आणि मी दार पायानंच दोनदा परत लोटलं. एकदा मजा म्हणून, आणि दुसऱ्यांदा त्याचं नाक अगदी नेमकं समोर आलं होतं म्हणून.

"मान्बोक, दार उघड. काम आहे."

"बोला ना दादा, आत ऐकू येतंय."

तो दोन वर्षांनी मोठा, म्हणून दादा. आमच्या बंदरात शिवी द्यायची असली तरी आधी दादा म्हणावं लागतं.

त्यानं खांद्यावरचा ड्रायसूट, म्हणजे पाणबुड्याचा आत पाणी न शिरणारा पोशाख, पायरीवर आपटला. मानेचं रबर वरपासून खालपर्यंत फाटलं होतं. माझ्या पोटात अशा गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रकाकडीचा, म्हणजे तळाशी लोळणाऱ्या त्या मऊ प्राण्याचा, हंगाम उघडणार होता. तीन दिवस, बस. ब्योन कप्तानाच्या बोटीवर पूर्वी पाणबुडे आम्ही दोघं. गेल्या वर्षी मी सांग्गूच्या सुटाच्या बुटात एक ऑक्टोपस ठेवला. छोटासाच होता, स्वभावानं गरीब. तर हा गेला कप्तानाकडे रडत, आणि मला बोटीवरून उतरवलं. तेव्हापासून मी घरी बसून अख्ख्या बंदराच्या सुटांची रबरं बदलतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी सांग्गू पाण्यात टिकला नाही तर त्याची जागा मला मिळणार होती. हे त्याला ठाऊक, मला ठाऊक, मासे पळवणाऱ्या मांजरांनाही ठाऊक.

"शहरात द्या की," मी म्हटलं.

"आठवडा लागेल म्हणतात."

"अरेरे! मग या, या. बूट बाहेर काढा. आणि ते तोंड पण बाहेरच ठेवता आलं तर बघा."

नवं रबर नरसाळ्यासारखं असतं, वर निमुळतं. त्यावर आठ कडी असतात. ज्याची जशी मान, तसं एकेक कडं कात्रीनं कापत जायचं. कमी कापलं तर गळा आवळतो. जास्त कापलं तर पाणी शिरतं, आणि कापलेलं कडं काही परत चिकटत नाही.

सांग्गूला जमिनीवर बसवलं आणि रबर त्याच्या डोक्यावरून ओढून मानेत घातलं. चेहरा लगेच उकडलेल्या रताळ्यासारखा जांभळा झाला. मग मी कात्री शोधायला लागलो. कात्री माझ्या खिशात होती.

"मान्… बोक…"

"आलोच दादा. तोवर सांगा, ऑक्टोपसची चुगली कुणी केली होती?"

"मी… केली. परत… करीन."

मानलं गड्याला. जीव गळ्याशी आला तरी माफी नाही. मी चार कडी कापली, प्रत्येक कड्यानंतर बोट घालून बघितलं. चौथं गळून पडल्यावर रंग माणसासारखा झाला.

"झालं," मी म्हटलं. "चार कापली, चार राहिली."

"अजून आवळतंय."

"नवं आहे, आवळणारच. आज रात्रभर पातेल्यावर ताणून ठेवा. दोन दिवसांत आपोआप सैल पडेल. पण आता एक कडंही कापायचं नाही."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्याच्या चहात थुंकलोय. आणि तिथंच मला सुचलं. आयुष्यात इतक्या खोड्या केल्या, पण खोडी न करण्याची खोडी कधी केली नव्हती!

मग मी काम असं केलं की विचारू नका. जुनं रबर गरम करून सोललं. कडेला सँडपेपर मारला, थिनरनं पुसलं. गोंदाचे दोन पातळ हात दिले. बोटाला चिकटेनासा झाल्यावर नवं रबर बसवलं आणि वरून दारूची रिकामी बाटली लाटण्यासारखी फिरवली. एक सुरकुती नाही! सांग्गू माझ्या हातावरची नजर हलवेना. गोंद हुंगला. रबर चिकटू नये म्हणून लावायच्या पावडरचा डबा उघडून त्यात नाक घातलं.

"यात तिखट घातलंस?"

"चाखून बघा."

त्यानं चाखली, हो. नुसती पावडर निघाली. त्यामुळं तर तो जास्तच घाबरला.

"हसतोस कशाला?"

"रडू का?"

मानेत माझं पातेलं खोचलेला सूट त्यानं उचलला. मुंडक्याच्या जागी पातेलं असलेला माणूस बगलेत धरून चालल्यासारखा दिसत होता. दारातून मी हाक मारली, "दादा, खरंच हं, एकही कडं कापू नका!" आणि डोळा मारला. मारायला नको होता. पण डोळा माझा आहे.

सकाळी 'रबर कसं बसलंय बघतो' म्हणत मीही बोटीवर चढलो. सांग्गू पाण्यात उतरला आणि पाच मिनिटांत वर आला. सुटाचे पाय पाण्यानं फुगून खांबासारखे झाले होते, चौघांनी ओढून काढला. चेन उघडली तशी डेकवर बादल्या ओतल्यासारखं पाणी वाहिलं.

"यानं केलं!" दात वाजवत तो ओरडला. "या मान्बोकनं बुडवलं मला!"

ब्योन कप्तान खाली वाकला आणि रबरावर बोट ठेवून मोजायला लागला.

"मान्बोक, तू किती ठेवली होतीस?"

"चार."

"इथं दोन आहेत."

सांग्गूनं मान चोळली. मग म्हणाला, "हा म्हणाला कापू नको…"

"म्हणून कापलीस?"

"याचं कधी ऐकायचं असतं का कप्तान!"

सगळी बोट खिदळली. कप्तान हसला नाही. "मान्बोक, सूट घाल."

सूट मी घरूनच घालून आलो होतो. वर जाकीट होतं, ते काढलं.

"आणि सांग्गू, कपडे बदल आणि नळी धर."

माझं हसू तिथंच थांबलं. बोटीवरच्या यंत्रातून पाणबुड्याला नळीनं हवा जाते, आणि नळी धरणारा दुसरा पाणबुड्याच लागतो. खालून किती वेळा ओढलं म्हणजे काय, हे बाकीच्यांना कळत नाही. निळे ओठ, अंगावर घोंगडी, असा सांग्गू आला. त्यानं माझी नळी हातात घेतली आणि सगळे दात दाखवले.

"निश्चिंत जा रे बाळा. मी काहीएक करणार नाही."

वीस मीटर खाली समुद्रकाकड्या नुसत्या पसरल्या होत्या. मी दोन उचलल्या. नळी हलली. लाट होती की तो? आणखी एक उचलली. नळी सैल पडली. का पडली? हवेला सुकवलेल्या माकूळ मासळीचा वास यायला लागला. मुद्दाम यंत्राशी बसून खातोय की काय? एक काकडी उचलायची आणि तीनदा वर बघायचं, असं चाललं. शेवटी छातीत असं धडधडायला लागलं की मीच वर आलो.

कप्तानानं जाळी उलटी केली. "अकरा? बाजूच्या बोटीवर तिसरं पोतं भरतंय!"

"यानं नळी ओढली कप्तान!"

"मी इथंच उभा होतो. त्यानं बोटसुद्धा हलवलं नाही."

मग कप्तानानं खिशातून फोन काढला आणि पलीकडच्या बंदरातल्या पाणबुड्या मेहुण्याला सूट घेऊन यायला सांगितलं. आजच, ताबडतोब, आणि तिन्ही दिवसांसाठी.

मेहुणा येईपर्यंत आम्ही दोघं डेकच्या दोन टोकांना बसलो. मी कंबरेपर्यंत सूट उतरवलेला, तो घोंगडीत.

"दादा," मी म्हटलं.

"काय?"

"आता आवळत नाही ना?"

त्यानं सुटाबरोबर आणलेलं माझं पातेलं फेकून मारलं. मी वाकलो, आणि ते समुद्रात गेलं.