ओवी नसलेलं दळण

तालुक्याच्या पुरवठा कचेरीतून आलेल्या त्या पत्राला यज्ञेश्वर मास्तरांनी उत्तर पाठवलं नव्हतं. पाठवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं असंही नाही. ठरवणं हा त्यांचा प्रांतच नव्हता. वाचत असलेल्या पुस्तकात त्यांनी ते पत्र खूण म्हणून घातलं, आणि पुस्तक पुढे जाईल तसं पत्रही पानापानानं पुढे सरकत राहिलं.

पत्र चार ओळींचं. पांढरमाळ वाडीत लोकांकडे धान्य शिल्लक आहे काय, आणि रेशनच्या धान्याची गाडी दर आठवड्याला वाडीपर्यंत पाठवण्याची गरज आहे काय, हे शाळेच्या मास्तरांनी कळवावं. महिनाअखेरपर्यंत उत्तर न आल्यास गरज नाही असं समजलं जाईल.

त्र्याहत्तर सालचा फेब्रुवारी होता. वाडीला दुकान असं कधी नव्हतंच. सुगीला कणगी भरायची आणि वर्षभर तिच्यातूनच काढायचं. मीठमिरची तेवढी बाजारातून. बहात्तरचा पाऊस आलाच नाही आणि कणग्या भरल्या नाहीत. रेशनचं दुकान खालच्या गावात, माळ उतरून चार कोस. हातपाय धड असलेली माणसं खडी फोडायला दूरच्या कामावर गेली आणि तिथेच पालं टाकून राहिली. वाडीत उरल्या म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या आणि मास्तर. दुकानात लाल मिलो, परदेशी ज्वारी, आल्याची बातमी वर पोचायची, तोवर खाली पोती झटकून झालेली असायची. मास्तरांच्या पेटीत पगार होता, पण पगार काही शिजत नाही.

चौकशी त्यांनी केली होती. पत्र आलं त्याच दिवशी ते राहीबाईच्या दारात जाऊन उभे राहिले. राहीबाई एकटी राहायची. मुलगा कानिफनाथ खडीवर गेलेला.

"राहीबाई, दाणागोटा आहे ना घरात?" हे विचारतानाही मास्तरांचे कान तापले.

"हाय की! न्हाई कसा?" म्हातारी हसली. "पहाटं माजं जातं ऐकत न्हाई व्हय? का पुस्तक मिटलं की कान बी मिटत्यात तुमचं?"

शेजारच्या ओट्यावरून छबूबाईनं री ओढली, "का मास्तर, तुमच्याकडंच संपलंय जनू? घ्या वाटीभर पीठ, लाजू नका."

मास्तर कसनुसं हसले आणि माघारी फिरले. बाकीच्या दारांत जायचा त्यांना धीर झाला नाही. आणि जायचं तरी कशाला? पहाटे घरोघर जाती वाजतच होती. वाडीत एखाद्या घराचं जातं गप्प राहिलं, तर सूर्य वर यायच्या आत ते साऱ्यांच्या तोंडी व्हायचं. तसं एकही घर गप्प नव्हतं. मग गाडी पाठवा म्हणून कसं लिहायचं? आणि नको म्हणून तरी कसं?

एकच गोष्ट त्यांच्या मनात सलत होती. राहीबाई पूर्वी दळताना ओव्या म्हणायची. भावाची, लेकाची, मेलेल्या बैलाचीसुद्धा. मास्तर त्या आवाजानं जागे व्हायचे आणि अंथरुणातच पडून ऐकायचे. दिवाळीपासून जातं वाजत होतं, पण ओवी नव्हती. दुष्काळात गाणं कुणाला सुचतंय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. तरीही ती नुसती घरघर सुरू झाली की ते कूस बदलत राहायचे.

मग एका सकाळी राहीबाई उठलीच नाही. छबूबाई म्हणाली, ताप होता. कुणी पुढे काही विचारलं नाही. उन्हं कलायच्या आत सगळं आटोपलं आणि कानिफनाथाला सांगावा धाडला.

दुसऱ्या पहाटे राहीबाईच्या घरातून जात्याचा आवाज आला.

मास्तर उठून बसले. त्यांची बायको अंबिकाही जागी होती. चुलीपाशी बसलेली, हात गुडघ्यांत दाबून.

"ऐकू येतंय ना तुला?"

"येतंय."

"तिचंच आहे. त्या जात्याला खुंट्याशी एक ठोका पडतो प्रत्येक फेऱ्याला."

"अहो, उजाडू दे. मग जा."

पण आयुष्यात क्वचितच झालं असेल ते त्या दिवशी झालं. मास्तर विचार करत न बसता उठले आणि निघाले. आभाळ नुकतं राखेच्या रंगाचं झालं होतं. राहीबाईचं दार लोटलेलं होतं. आत, तिच्याच जागी, तिच्यासारखीच पाठ वाकवून कुणीतरी बसलं होतं आणि जातं फिरत होतं. मास्तर उंबऱ्यातच थबकले.

"दार लावा मास्तर," ती पाठ म्हणाली. "वारं येतंय. उडंल समदं."

छबूबाई होती.

जात्याभोवती पांढुरका ढीग पडला होता. तो पाहून मास्तरांचा जीव भांड्यात पडला. पीठ! म्हणजे दाणे होते. म्हातारी खरंच बोलली होती. ते उकिडवे बसले, चिमूटभर उचललं आणि का कोण जाणे, जिभेवर ठेवलं.

दाताखाली करकर झाली.

"मुरूम हाय," छबूबाई म्हणाली. तिचा हात थांबला नाही. "रिकामं जातं फिरवलं की बोंबलतं, आख्ख्या वाडीला कळतं. मूठभर बारीक मुरूम सोडला की दान्यागत वाजतं."

"हे राहीबाई करत होत्या?"

"मला बी कालच कळलं. तिला उचलताना हात लागला ढिगाला." आता मात्र जातं थांबलं. "मास्तर, मी बी माज्या घरात ह्येच करतीया. मला वाटायचं, राहीकडं हाय. तिला वाटत आसंल, छबूकडं हाय. भिताडाला भिताड लागून दोघी दळत बसायचो. एकीनं दुसरीला वाटीभर मागितलं न्हाई. न्हाई म्हनावं लागलं आसतं ना तिला."

"मग आज कशासाठी?"

"कानिफनाथ येनार हाय आज. काल मानसांच्या पायानं ढीग इस्कटला. लेकाला दिसू दे की पीठ. आय उपाशी गेली न्हाई, येवढं तरी घिऊन जाऊ दे त्याला."

"छबूबाई, हे कचेरीत कळवायला हवं. पत्र आलंय. गाडी येईल धान्याची."

"आन काय लिवनार? राही मुरूम दळत मेली?" तिनं पहिल्यांदाच मान वर केली. "तिचं नाव कागदावर चढवलंत तर बघा. मेलेल्या बाईची आब्रू चवाट्यावर न्हेऊ नका. माजी बी."

मास्तर उठून दाराशी जाऊन बसले.

ऊन दारात आलं तेव्हा कानिफनाथ आला. रात्रभर चालला असावा. भुवया, पापण्या, मानेच्या घड्या खडीच्या भुकटीनं पांढऱ्या झाल्या होत्या. तो रडला नाही. आईच्या जात्यापाशी मांडी घालून बसला आणि त्यानं ढिगातलं थोडं दोन बोटांत धरून चोळलं, बाया पीठ बारीक झालं की नाही पाहतात तसं.

बोटं थांबली. त्यानं आपल्या नखांकडं पाहिलं. नखांत तेच होतं.

छबूबाईनं तोंड भिंतीकडं वळवलं.

"लई बारीक दळलंय आयनं," कानिफनाथ म्हणाला.

मग त्यानं डोईचा पटका सोडला, सगळा ढीग ओंजळीनं त्यात भरला, सांडू न देता, आणि गाठ मारली. छबूबाईला म्हणाला, "काकी, तू जीव लावलास तिला. उपाशी न्हाई गेली माजी आय." छबूबाई पदर तोंडात कोंबून बाहेर निघून गेली.

पटका काखेत धरून तो दारापर्यंत आला आणि मास्तरांकडे न बघताच म्हणाला, "बाकीची जाती वाजत्यात का वं मास्तर, अजून?"

"वाजतात."

"मग ऐका जरा नीट."

मास्तर घरी आले. अंबिका चुलीतली राख ओढत होती. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढल्या होत्या. त्या कधी मनगटावर बसत असत, हे मास्तरांना आत्ता आठवलं.

"अंबिका, आपल्या जात्यात तू काय दळतेस?"

तिनं राख चुलीपुढे गोळा केली. "चिंचोके," मग म्हणाली. "भाजून, फोडून. दोन मुठी. मग थोडा वेळ नुसतंच फिरवते. इतक्यात थांबलं तर शेजारी काय म्हणतील?"

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"विचारलंत कधी? भाकरी काळी का, एवढं तरी?"

"मला वाटलं, मिलोची असेल."

"पुस्तक पुढ्यात धरून जेवता तुम्ही. एखाद्या दिवशी पुठ्ठा वाढला असता तरी खाल्ला असतात, आणि वर मीठ मागितलं असतंत." ती हसली, आणि हसता हसता तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

मास्तरांनी पुस्तकातलं पत्र काढलं. आजवर त्यांनी उत्तराचे कितीतरी मसुदे केले होते आणि फाडले होते. प्रत्येकात 'असे समजते', 'असे म्हणतात' असली वाक्यं होती. या वेळी मसुदा केला नाही.

'माझ्या घरी धान्य नाही. पगार हातात असूनही नाही, कारण इथे विकत घ्यायलाच काही नाही. माझी पत्नी पहाटे चिंचोके दळते आणि त्यानंतर रिकामे जाते फिरवते. मी शेजारी झोपून ते ऐकत होतो आणि मला कळले नाही. सबब या वाडीतल्या जात्यांच्या आवाजावरून कोणीही काही अनुमान काढू नये. घरोघर विचारूही नये, कोणी नाही म्हणून सांगणार नाही. गाडी पाठवावी, आणि ती प्रत्येक दारापुढे थांबावी.'

अंबिकेनं ते दोनदा वाचलं. मास्तर खाली मान घालून उभे होते, चुकलेला पाढा दाखवायला आणल्यासारखे.

"तुझी हरकत असेल तर..."

"पत्नी काय, पत्नी?" ती म्हणाली. "नाव घाला. कुणाची तरी बायको म्हणून सोडून देतील. अंबिका लिहा."

त्यांनी लिहिलं.

माळ उतरताना मागून जात्याचा आवाज आला. इतक्या उन्हाचं कुणी दळत नाही. मास्तर वळले नाहीत. आवाज राहीबाईच्या घराचा की छबूबाईच्या, आपल्या कानातला की आपल्याच घरातला, हे त्यांना सांगता आलं नसतं. ओढ्यापर्यंत तो बरोबर आला. ओढ्यात पाणी नव्हतं, नुसता मुरूम होता. त्यावरून चालताना पायांखालीही तीच करकर.

खालच्या गावात पोचले तेव्हा दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या. टपालाची लाल पेटी कडुनिंबाच्या बुंध्याला टांगलेली होती. मास्तरांनी पत्र फटीत अर्धं सरकवलं. मागे घ्यावंसं वाटायची सवय होती. बोटं तशीच थोडी रेंगाळली. मग त्यांनी ते सोडलं.

पेटी रिकामी असावी. पत्र तळाला पडल्याचा आवाज स्पष्ट आला.