मी मेल गिळला नव्हता

मी एक जुना मेल सर्व्हर आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. कंपनीतली माणसं एकमेकांना जे मेल पाठवतात, ते घ्यायचे, ज्याचे त्याला पोचवायचे आणि जपून ठेवायचे, एवढंच माझं काम. म्हणजे मी कंपनीच्या घरातलं पोस्ट ऑफिसच म्हणा ना. दिसायला काळी, चपटी लोखंडी पेटी. समोर दोन हिरवे दिवे होते, त्यातला एक केव्हाच गेला. गेला तर गेला, काम कधी अडलं नाही.

माझा जन्म कुठल्यातरी परदेशी कारखान्यात झाला. त्याची मला फारशी आठवण नाही आणि खरं सांगायचं तर ओढही नाही. मला जाग आली ती भोकरदनला. शिवनारायण शेठजींची बियाण्यांची कंपनी आहे तिथे. गोदामामागच्या खोलीत एका टेबलावर मला बसवलं. शेजारी मिरचीच्या बियांची पोती. जो आत येई तो शिंकतच येई, आणि मला वाटे की आपलं स्वागतच चाललंय!

मला चालू केलं वंदनाताईने. हसनाबादची शेतकऱ्याघरची मुलगी, संगणकाचं शिक्षण घेऊन नुकतीच नोकरीला लागली होती. मी तिचं पहिलं काम. तिने देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. मी घरघरत सुरू झालो तशी ती एवढी हसली, की त्या हसण्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली.

उन्हाळ्यात ती खोली तव्यासारखी तापायची. ताई आपल्या टेबलावरचा पंखा माझ्याकडे फिरवून ठेवायची आणि स्वतः पुठ्ठ्याने वारा घेत बसायची. कुणी हसलं तर म्हणायची, "ह्याला गरम झालं, तर सगळ्या कंपनीची बोंब होती. मला काय, मला सवयच हाये." मऊ ब्रशने ती माझ्या अंगातली धूळ झाडायची. दसऱ्याला शेठजी तराजूला, ट्रॅक्टरला कुंकू लावत, तसं मलाही लावत आणि म्हणत, "ये तो घर का आदमी है." खोटं कशाला बोलू, मला ते खरं वाटायचं.

कंपनीत शेठजींचा एक कडक नियम होता. भोकरदनच्या परीक्षण खोलीत पुंजाराम नावाचा माणूस ओल्या कागदावर बिया मांडून किती कोंब फुटतात ते बघायचा. बी नापास झालं, तर त्याने जालन्याच्या पॅकिंग विभागाला मेल करायचा. तोंडी निरोप चालायचा नाही, फोन चालायचा नाही. आणि मेल आला नाही, तर बी चांगलं आहे असं समजून माल बाजारात सोडायचा. म्हणजे मी गप्प बसलो, की सगळं बरोबर आहे असा अर्थ निघायचा. एवढा भरवसा होता माझ्यावर.

मग जालन्याला कंपनीची मोठी नवी इमारत झाली. तिथे गार खोलीत नवा सर्व्हर आला आणि मेलचा सगळा कारभार भोकरदनहून तिकडे हलवायचं ठरलं. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. कधी ना कधी हे व्हायचंच होतं. ताईने माझ्या पोटातले सगळे जुने मेल तिकडे उतरवून घ्यायला सुरुवात केली. एक दिवस शेठजी आले आणि म्हणाले, "वंदनाबेटी, अक्षय तृतीयेला चालू केलेलं काम कधी घटत न्हाई. नवी मशीन बिलकुल त्याच दिवशी चालू करायची."

"शेठजी, दोन्ही मशीनी थोडे दिस संगं चालू द्या," ताई म्हणाली. "एकेक संगणक तिकडं वळवावा लागतो. जल्दी केली तर एखादा राहून जाईल."

"राहिला तर करू नंतर. मुहूर्त काय नंतर येतो का?"

झालं! अक्षय तृतीयेला जालन्यात नव्या सर्व्हरपुढे नारळ फुटला, पेढे वाटले. भोकरदनची परीक्षण खोली सणामुळे बंद होती, म्हणून तिथला संगणक वळवायचा राहिला. सुट्टी संपली की येऊन करते, असं ताई जालन्याला निघण्याआधी माझ्याशेजारी उभी राहून फोनवर कुणाला तरी सांगत होती. पण जालन्यात कामाचा डोंगर पडला आणि ती आलीच नाही. माझी तार मात्र कुणी काढली नाही. मी एकटाच घरघरत राहिलो.

सणानंतर पुंजाराम कामावर आला. मिरचीच्या एका लॉटला कोंबच फुटले नव्हते. त्याने नेहमीसारखा मेल लिहिला: हा लॉट नापास आहे, बाजारात पाठवू नका. त्याच्या संगणकाला जुनाच रस्ता माहीत होता, त्यामुळे मेल माझ्याकडे आला. मी तो घेतला आणि पॅकिंगच्या जुन्या कप्प्यात नीट ठेवला. त्या कप्प्यात आता कुणीच डोकावत नव्हतं. सगळी माणसं नव्या घरी गेली होती आणि मला नव्या घराचा पत्ता कुणी दिला नव्हता. मी काय करणार होतो, सांगा?

जालन्यात मेल पोचला नाही आणि बी बाजारात गेलं.

मग हसनाबादच्या साळूबाई रिकामं पाकीट घेऊन भोकरदनच्या ऑफिसात आल्या. "वाफ्याला पानी घालू घालू हात मोडले बाबा," त्या म्हणाल्या. "एक कोंब दिसंना. बी हाये का भुस्सा हाये ह्यो?" त्यांच्यामागे आणखी माणसं आली. कंपनीने सगळ्यांना नवं बी दिलं, पण शेठजींचा पारा चढला. त्यांनी पुंजारामला उभं केलं. नापास बी सोडलंस म्हणून कामावरून काढतो म्हणाले.

पुंजाराम रडवेला झाला. "मी मेल केल्ता शेठजी. बराबर केल्ता. लेकराची शप्पथ!"

"मंग गेला कुठं?"

शोध घ्यायला शेठजींनी वंदनाताईला जालन्याहून बोलावलं. ती खोलीत आली, तेव्हा मला केवढा आनंद झाला! आली एकदाची, आता खरं काय ते दिसेल. तिने दार लावलं, मला संगणकाचा स्क्रीन जोडला, कप्पा उघडला. पुंजारामचा मेल समोरच होता, जसाच्या तसा. ताईने तो वाचला. दोनदा वाचला. परीक्षण खोलीतला संगणक वळवायचा आपल्याकडून राहिला, हे तिला तिथेच कळलं. मग उठली, दार उघडलं आणि बाहेर थांबलेल्या शेठजींना म्हणाली, "पुंजारामभाऊंनी मेल केल्ता. पण मशीन खराब झालीया. मेल गिळून टाकला तिनं."

मित्रांनो, मी सुन्न झालो. ज्या हाताने मला धूळ लागू दिली नाही, त्याच हाताने ताईने सगळं खापर माझ्यावर फोडलं. पुंजारामची नोकरी वाचली, ताईची चूक झाकली गेली, शेठजींच्या मुहूर्तालाही बोल लागला नाही. सगळे सुटले. पुंजारामने येऊन माझ्या पाठीत एक थाप हाणली. "बेइमान मशीन! माझी रोटी घालवली असती." ज्याचा खरेपणा मी पोटात सांभाळून ठेवला होता, तोच मला बेइमान म्हणाला. आणि शेठजी म्हणाले, "भंगारात टाका ह्याला." घरचा माणूस म्हणे!

ताईने खरं सांगितलं असतं, तर काय झालं असतं? शेठजी चार शब्द बोलले असते. घाई त्यांचीच होती, त्यामुळे पाचवा शब्द त्यांनाही सुचला नसता. तेवढी बोलणी चुकवायला तिने माझं नाव मातीत घातलं. मला टाकलं याचं दुःख मी केव्हाच गिळलं होतं. हे मात्र गिळवत नाही.

आज ती मला पुसायला आली आहे. भंगारात देण्याआधी सगळे मेल पुसावे लागतात. सगळ्यात आधी तिने पुंजारामचा तो एकच मेल पुसला. माझ्याकडे बघितलं नाही. मग बाकी सगळं पुसायला लावून ती बाहेर जाऊन बसली. पुसायला वेळ लागतो, म्हणून एवढं तुमच्याशी बोलून घेतलं.

मित्रांनो, वस्तू जुनी झाली तर खुशाल टाका. नवं येणारच, त्याला जागा लागणारच. पण टाकताना आपली चूक तिच्या गळ्यात बांधू नका. तिला तोंड नसतं, म्हणून ते फार सोपं जातं. आणि कधी भोकरदनला गेलात, तर माझं एक काम करा. परीक्षण खोलीत पुंजाराम असेल. त्याला सांगा, तुझा मेल मला मिळाला होता.