काकूंची सवत

आमचे सर तीस वर्षं एका कणाच्या मागे होते आणि काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, त्या कणाला 'माझी सवत' म्हणायच्या. दोष सरांचाच. प्रत्येक कणाला एक वजनदार जोडीदारीण असावी, ती जन्मताच फुटते, तिच्यातून निघालेला सर्वांत हलका कण काही खूण न ठेवता पसार होतो आणि नुसती ऊर्जा कमी भरते, हे त्यांनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी काकूंना समजावलं होतं.

शुक्रवारी सर निवृत्त होणार होते. बुधवारी दुपारी आम्ही कणांच्या टकरींचे, आधीच मन कलू नये म्हणून वर्षभर झाकून ठेवलेले आकडे उघडले. ऊर्जा कमी भरणाऱ्या टकरी ती नसली तरी तीनेक दिसतातच. पडद्यावर दिसल्या अकरा!

सर खुर्चीवर चढले. खुर्चीला चाकं होती, ती त्यांना घेऊन थेट फळ्यावर आदळली, तरी सर नाचतच होते. मी किंचाळले. शेजारच्या खोलीतला इलेक्ट्रिशियन धावत आला आणि काही न विचारता आमच्यात सामील झाला. सरांनी काकूंना फोन लावला. "अगं, सापडली! ये, लवकर ये!"

नाचता नाचता मला आठवलं. आमचा प्रोग्रॅम तिला ओळखतो का, हे तपासायला मीच आकड्यांत आठ खोट्या टकरी घुसडल्या होत्या. काढल्या होत्या का? पाहिलं. नव्हत्या काढल्या. म्हणजे खऱ्या तीनच.

निदान शुक्रवारपर्यंत गप्प बसावं, असं अगदी मनापासून वाटलं. तेवढ्यात काकू धापा टाकत आल्या, एका पायात घरातली चप्पल, दुसऱ्यात बाहेरची. सर त्यांना पडदा दाखवायला लागले आणि मला राहवेना. सगळं सांगून टाकलं.

सर मटकन खाली बसले. "आठही पकडल्या प्रोग्रॅमनं?"

"आठही, सर."

"म्हणजे ती असती, तर सुटली नसती!" ते हसायला लागले. "आता छातीठोकपणे सांगता येईल. निदान एवढ्या वजनाची तरी ती नाहीच."

"नाहीच?" काकू म्हणाल्या. "मी तीस वर्षं नसलेल्या बाईवर जळले? लेखी द्या."

सरांनी फळ्यावर तसं लिहिलं आणि खाली सही ठोकली. काकूंनी त्यांचा हात धरून त्यांना गर्रकन फिरवलं.

इलेक्ट्रिशियन अजून नाचतच होता. त्यानं विचारलं, "पण सापडलं कोण?"

"मी!" काकू म्हणाल्या.