बांधापासून झेंड्यापर्यंत

मित्रांनो, वेल्ह्याकडच्या हनुमंतआबांच्या घरी कधी गेलात, तर मागचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला एक लोखंडी काठी टेकवलेली दिसेल. ती मी. शेजारच्या चंद्राबाईंना अजूनही वाटतं की मी नळाचा तुटका पाइप आहे. वाटो बापडं. मी गोल्फची एक जुनी काठी आहे, आणि याच घरातल्या एका मुलीच्या हातात मी एके काळी इतकी शोभून दिसायचे की बघणारे थांबून बघत.

माझा जन्म कुठल्याशा परमुलखातल्या कारखान्यात झाला. एका पिशवीत आम्ही पुष्कळ बहिणी होतो आणि प्रत्येकीचं अंतर ठरलेलं होतं. सात नंबरची चेंडू लांब नेते, आठ नंबरची त्याहून कमी, नऊची आणखी कमी, आणि सगळ्यांत जवळची मी. माझ्या तळव्यावर नंबर नाही, नुसतं ‘पी’ हे अक्षर कोरलेलं आहे. पुरा फटका मारला की चेंडू उंच उडवून तो झेंड्यापाशी अलगद उतरवायचा, हे माझं काम.

आता तुम्हाला या खेळातली खरी भीती सांगते. लांबच्या फटक्याला माणूस भीत नाही. भितो तो अडनिड्या अंतराला. एक काठी पुरी मारली तर चेंडू पलीकडे जातो, दुसरी मारली तर अलीकडेच पडतो, आणि जपून अर्धवट मारावी तर हात ऐन वेळी कचरतो. अशा जागी आला की भला खेळाडूसुद्धा एक काठी काढतो, परत ठेवतो, दुसरी काढतो, आभाळाकडे बघतो. आणि चेंडू वाया गेला की बोल आम्हाला लावतो.

माझे पहिले मालक, भोरचे गंगाधर वकील, याच जातीचे. कोर्टात कुणाच्या बापाला भ्यायचे नाहीत, पण ओढ्यापलीकडचा झेंडा दिसला की त्यांचं अवसान गळायचं.

“सरोज, इथं कोणती घेऊ?” ते बायकोला विचारायचे.

“कोणतीही घ्या. चेंडू ओढ्यातच जायचाय,” सरोजताई छत्रीखालून सांगायच्या.

मग वकीलसाहेब मला बाजूला सारायचे आणि म्हणायचे, “ही पी म्हणजे आपला प्रद्युम्न. घरात आहे, पण वेळेला उपयोगाची नाही.” प्रद्युम्न हा त्यांचा मुलगा. त्याला काय वाटायचं कोण जाणे, मला मात्र वाईट वाटायचं. इतर काठ्या वापरून झिजल्या आणि मी नवीच्या नवी राहिले, यात कसला आलाय मोठेपणा?

पुढे वकिलांचे गुडघे दुखायला लागले. त्यांनी आमची पिशवी हनुमंतआबांच्या हवाली केली. “तुमची स्नेहल बरी खेळते म्हणतात. तिला द्या,” एवढंच म्हणाले. जाताना माझ्याकडे त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

वकीलसाहेब खेळायचे त्याच गोल्फच्या मैदानावर हनुमंतआबा गवताचं काम बघतात. राजगडाच्या बाजूला उजाडायच्या आत ते कामाला लागतात. मित्रांनो, झेंड्याखालचं भोक रोज एकाच जागी नसतं बरं का. रोज सकाळी जुनं बुजवायचं, नवं पाडायचं, त्यात झेंडा रोवायचा. झेंडा आज कुठं, हे आबाच ठरवायचे.

आणि स्नेहल! सकाळच्या एसटीनं ती भोरला कॉलेजला जायची आणि दुपारी परत आली की मैदानावर. तिनं मला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा माझी सगळ्या वर्षांची उपेक्षा भरून निघाली. पिशवीतून तिनं नेमकं मलाच उचललं. प्रत्येक फटक्यानंतर ती ओढणीच्या टोकानं माझं तोंड पुसायची. असं कुणी तोवर केलं नव्हतं.

त्या घरात एक रिवाज होता. लेक जाणती झाली की बापानं तिच्याशी तोंडावर फार बोलायचं नाही. भांडण नाही, राग नाही, रिवाज. आबांच्या वडिलांनीही तो पाळला होता. दोघं एकाच चुलीपुढं बसायची आणि मधे बसलेल्या स्नेहलच्या आईच्या, बनाबाईंच्या तोंडून बोलायची.

“तिला इचार, हात का सुजलाय?” आबा म्हणायचे.

“आई, आबांना सांग, खेळून सुजलाय. लई न्हाई,” स्नेहल सांगायची.

बनाबाई बिचाऱ्या तवा सांभाळत इकडचं तिकडं करायच्या. त्या घरी नसल्या तर आबा मांजरीला ऐकवायचे, “आज भाकरी लई झ्याक झालीया गं मने.” स्नेहल पाठमोरी हसायची. मला तेव्हा हे सगळं फार गोड वाटायचं. आता त्या आठवणीनं जीव गुदमरतो.

मग ती स्पर्धा आली. याच मैदानावर. जी मुलगी जिंकेल तिला पुण्याच्या प्रशिक्षण केंद्रात राहून शिकायला मिळणार होतं. तिकडे भोंगवलीहून स्नेहलला एक स्थळही आलं होतं. आबांनी पाहुण्यांना सांगितलं होतं, “आधी खेळ हू द्या, मग बघू.” त्या उत्तराचा अर्थ काय, या विचारानं स्नेहल आतून पोखरली जात होती. आपण पुण्याला जावं असं बापाला वाटतं की नाही? विचारायची मात्र सोय नव्हती.

मैदानाच्या शेवटच्या टप्प्यात तिचं घोडं अडायचं. तिथं झेंड्याच्या अलीकडे ओढा आहे. ओढ्याअलीकडे जांभळाचं एक झाड आहे, आणि त्याच्या थोडं मागं जुन्या भातखाचराचा बांध. तिचा दुसरा फटका नेहमी जांभळापाशी येऊन थांबायचा. आणि तिथून झेंडा नेमका अडनिड्या अंतरावर. मला पुरी मारली तर चेंडू पलीकडे, जपून मारली तर ओढ्यात. कितीदा माझ्या तोंडाला त्या फसलेल्या फटक्याची माती लागली असेल! ती मला पुसायची आणि रडायची.

यावर तिनं एक युक्ती शोधली. जांभळापर्यंत जायचंच नाही. दुसरा फटका मुद्दाम आखूड मारून बांधापाशीच थांबायचं. बांधापासून झेंड्यापर्यंत माझा पुरा फटका बरोबर बसत होता. स्पर्धेच्या दिवशी आबा तिथला झेंडा नेहमी पुढच्या अंगाला, ओढ्याच्या बाजूला लावतात, हे ती लहानपणापासून बघत आली होती. आबा दुसऱ्या टोकाला गवत कापत असले की ती बांधावर उभी राहायची आणि मला पुरी फिरवायची. चेंडूमागून चेंडू झेंड्यापाशी जाऊन बसायचा.

“आबांना कळू द्यायचं न्हाई,” ती मला म्हणायची. “त्या दिवशीच बघू द्यात. कसे येडे हुत्यात बघ.”

मी आनंदात होते. इतकी की वाईट काही घडू शकतं हे माझ्या मनातही आलं नाही.

त्याच आठवड्यात पालीला बनाबाईंच्या बहिणीचा पाय मोडला आणि त्या तिकडे गेल्या. घरात बाप, लेक आणि मांजर उरली.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे आबांनी हळूच पिशवीतून मला काढलं. पायात वहाणा न घालता ते मला खांद्यावर टाकून मैदानावर गेले. जांभळाखाली उभे राहिले. लेकीनं मला घेऊन मारलेला पुरा फटका किती लांब जातो, हे त्यांनी कधीचं हेरून ठेवलं होतं. तेवढं अंतर पावलांनी मोजत ते साकवावरून ओढा ओलांडून झेंड्याच्या हिरवळीवर आले, नेहमीच्या जागेच्या बरेच मागं गेले आणि माझं तोंड त्यांनी जमिनीला टेकवलं.

“हितं टाकायचा चेंडू. बघून ठिव,” ते मला म्हणाले. “जांभळापासनं पुरा फटका. आता भ्यायचं काम न्हाई.”

तिथंच त्यांनी भोक पाडलं आणि झेंडा रोवला. मग डोक्याच्या टॉवेलनं माझ्यावरचं दव पुसलं. “पोरीला सांगायचं न्हाई हां. झेंडा समद्यांना सारखाच. पण सांगितलं तर लबाडी हुईल.”

मी कुठं सांगणार होते! मित्रांनो, त्या पहाटे मी जशी तळमळले तशी कारखान्याच्या भट्टीतही तळमळले नव्हते. बाप झेंडा मागं नेत होता आणि लेक आपण मागं सरकत होती. दोघांनी एकच अडचण सोडवली होती, एकमेकांच्या नकळत. एकानंच सोडवली असती तर ती सुटली असती. दोघांनी सोडवली आणि ते अंतर पुन्हा अडनिडं होऊन बसलं.

दुपारपर्यंत स्नेहल सगळ्यांच्या पुढं होती. तिच्या मागोमाग पुण्याची वैष्णवी नावाची मुलगी होती, पण शेवटच्या टप्प्यावर स्नेहलला फक्त धड खेळायचं होतं. तिनं ठरल्याप्रमाणे दुसरा फटका आखूड मारला. चेंडू बांधापाशी थांबला. तिनं मला काढलं, समोर पाहिलं, आणि तिची बोटं माझ्यावर आवळली गेली. झेंडा मागं होता.

हिरवळीच्या कडेला आबा उभे होते. लेक जांभळापाशी न येता बांधावरच थांबलेली बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हात वर केला. पण खेळणाऱ्याला खूण करायची नसते, म्हणून तो तसाच खाली घेतला आणि मान खाली घातली. स्नेहलनं ते सगळं पाहिलं. तिला त्यात एकच गोष्ट दिसली.

“आबांनी मुद्दाम केलं,” ती पुटपुटली. ते फक्त मी ऐकलं.

तिनं मला पिशवीत ठेवलं आणि नऊ नंबरची काढली. नऊ पुरी मारली तर चेंडू मागच्या करवंदीच्या जाळीत गेला असता. तिनं ती ठेवली, परत मला काढलं. अगदी वकिलांसारखं. मला नेहमीसारखी शांतपणे मारली असती तरी चेंडू हिरवळीच्या पुढच्या कडेवर टिकला असता, तेवढं पुरे होतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातांत राग. तिनं माझ्याकडून माझ्या ताकदीपलीकडचं मागितलं. मी चेंडूच्या आधी जमिनीत रुतले. चेंडू जेमतेम उडाला आणि ओढ्यात पडला.

त्यानंतरचा चेंडूही ओढ्यातच गेला. वैष्णवी जिंकली. टाळ्या वाजल्या. त्या दिवशी स्नेहलनं माझं तोंड पुसलं नाही.

बनाबाई पालीहून परतल्या तेव्हा घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, मांजरीशीसुद्धा नाही. आबा ओसरीवरून म्हणाले, “तिला म्हणावं, माझं चुकलं.”

बनाबाईंनी निरोप जसाच्या तसा आत नेला. “पोरी, तुझं आबा म्हंत्यात, त्यांचं चुकलं.”

स्नेहलला वाटलं, मुद्दाम केल्याचं बापानं कबूल केलं. “आई, त्यांना म्हणावं, तुमाला पाहिजे हुतं तसं झालं. भोंगवलीच्या पाहुण्यांना या म्हणून कळवा.”

आयुष्यभर इकडचे बोल इमानानं तिकडं नेणाऱ्या बनाबाई दाराशी आल्या. नवऱ्याचा चेहरा त्यांनी पाहिला. निरोपाचा पहिला भाग त्यांनी गिळला, घरात वाकडं नको म्हणून, आणि दुसराच तेवढा सांगितला. “पाहुण्यांना बोलवा म्हंतीया.”

आबांना वाटलं, पोरीचं मन खेळावरून उडालं. आपल्यामुळं उडालं. ते “बरं” म्हणाले.

लग्न झालं. आमची पिशवी माळ्यावर गेली, तिला उंदरांनी भोकं पाडली. मला आबांनीच खाली आणलं. सुरुवातीला ते मला हातात घेऊन नुसते बसायचे. एकदा जोराचा वारा सुटला, दार आपटायला लागलं, त्यांनी मला तिथं टेकवलं. तेव्हापासून मी इथं आहे. शेवटच्या टप्प्यावरचा झेंडा आता ते कायम पुढच्या अंगाला लावतात म्हणे, एकाच जागी, गवत मरेपर्यंत.

परवा स्नेहल माहेरी आली होती. अंगणात जाताना तिनं मला बाजूला करायला उचललं. आणि काय सांगू, तिचे हात आपोआप माझ्यावर जसे हवेत तसे बसले, अंगठा अंगठ्याच्या जागी. ती तशीच उभी राहिली. आबांनी ओसरीवरून ते पाहिलं. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता. आता तरी हा माणूस बोलेल.

“अगं, तिला म्हणावं, काठी तितंच राहू दे,” आबा बनाबाईंना म्हणाले. “दार आपटतंय.”

“आई, आबांना सांग, ठिवली,” स्नेहल म्हणाली आणि तिनं मला दाराला टेकवलं.

मित्रांनो, आम्हा वस्तूंच्या गोष्टींत शेवटी म्हणतात की आम्हाला जपा, तेल लावा, पुसून ठेवा. मला नका पुसू. माझ्यावर गंज चढू द्या. फक्त घरातल्या कुणासाठी गुपचूप काही चांगलं करायला निघालात, तर आधी त्या माणसासमोर जाऊन बसा, आणि मधे कुणाला न घालता त्याला विचारा. काय झालं ते मला सगळं ठाऊक आहे, पण मला तोंड नाही. त्या दोघांना होतं.