प्रभुभोजनाआधीचा शनिवार

चतुराबाईला मंडळीबाहेर काढायचं, हे भुजंगनं शनिवारी सकाळीच ठरवून टाकलं होतं. मंठ्याजवळच्या त्या वाडीत ख्रिस्ती घरं पंधरा आणि मंडळीचे पंच तीन. त्यांत भुजंगचा शब्द सगळ्यांत जड. उद्या प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर वाटून घ्यायचा दिवस. त्याआधी ज्यानं त्यानं आपापलं मन तपासायचं, अशी रीत. भुजंग मात्र चतुराबाईच्याच मनाच्या मागं लागला होता.

तिचा गुन्हा उघड होता. आषाढात पटकीची साथ आली. निजाम सरकारच्या तहसिलातले लोक विहिरीत लाल दवा टाकून गेले, तरी माणसं मरायची थांबेनात. चतुराबाईचा नवरा कचरू आडवा झाला, तेव्हा तिनं शिवारातल्या मरीआईपुढं नारळ ठेवला. कचरू त्याच सांजेला गेला.

"नवरा जाऊन महिना न्हाई झाला," भुजंगची बायको पुष्पाबाई म्हणाली, "आन तुम्ही तिला चारचौघांत उभं करून राह्यले."

"देवाचं काम हाय ते."

"देवाचं?" पुष्पाबाईनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं आणि ती पिठाकडं वळली. भुजंग पटका बांधून बाहेर पडला.

दुपारी कवेलूच्या प्रार्थनाघरात सगळी जमली. जालन्याहून पाळकसाहेब आले होते. चतुराबाई भिंतीला धरून उभी राहिली. आत बिलकुल वारा नव्हता.

"मरीआईला गेल्तीस का न्हाई?" भुजंगनं विचारलं.

"गेल्ते."

"बाप्तिस्मा घेताना काय कबूल केल्तं?"

"ते बी ध्यानात हाय."

पाळकसाहेब मधे पडले. "बाई, प्रार्थनेला कुणाला का नाही बोलावलंस?"

"गेल्ते बोलवायला. दार वाजवलं. लई वाजवलं. न्हाई उघडलं."

"कुणाचं दार?"

चतुराबाईनं मान खाली घातली. भुजंगला कचरू गेला तो दिवस आठवला.

भर दुपारची वेळ होती ती. जालन्याच्या मिशन दवाखान्यातून साऱ्या वस्तीसाठी आलेली दवेची बाटली त्याच्याच घरात होती, कारण भरवशाचा माणूस तोच. बाटली निम्मी संपली होती आणि त्याला दोन लेकरं होती. बाहेरून आवाज येत होता, "भुजंगदादा, थोडी दवा द्या. न्हाईतर प्रार्थना तरी करा." पुष्पाबाई उठली, तर त्यानं तिचं मनगट गच्च धरून ठेवलं. मग दाराचा आवाज थांबला.

"नाव सांग की बाई," दुसरे पंच मच्छिंद्र म्हणाले. "का खोटं बोलून राह्यलीस?"

"नाव न्हाई घ्यायचं मला. नारळ मी ठेवला, सजा मला द्या."

"मंग झालं तर. भुजंगभाऊ, तुमचं काय मत?"

एकच शब्द बोलायचा होता. 'बाहेर' म्हटलं की ती दुपार कायमची गाडली जाणार होती. भुजंगनं बायकांकडं पाहिलं. पुष्पाबाई तोंडाला पदर लावून बसली होती. इतके दिवस पुष्पाबाईनं आणि चतुराबाईनं त्याचं पाप झाकलं होतं, आणि तो त्यांतल्याच एकीचं उघडं पाडायला निघाला होता. तो खाली पाहत पुटपुटला.

"दार माझं व्हतं."

"काय म्हणता? ऐकू न्हाई आलं," मच्छिंद्र म्हणाले.

तो उठून उभा राहिला. "दार माझं व्हतं. अर्धी बाटली दवा घरात व्हती. मी जाणून न्हाई उघडलं. भेलो."

चतुराबाईच पहिल्यांदा बोलली. "मला ठावं व्हतं. आतून तुमचा खोकला ऐकू आल्ता."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"सांगून माझा माणूस माघारी येणार व्हता का?" तिचा आवाज फाटला. "तुम्ही दवा दडवली, मी दगडाकडं पळाले. दोघं बी भेलो. माझं मी कबूल केलंय."

भुजंग तिच्या पायाशी वाकायला गेला. ती मागं सरली. "आज नका, दादा. आज मला सोसायचं न्हाई."

पाळकसाहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "या बाईविषयी आणखी कुणाला बोलायचंय?"

मच्छिंद्र खाली सतरंजीकडं पाहत राहिले. पाळकसाहेबांनी तो विषय तिथंच मिटवला.

दुसऱ्या दिवशी चतुराबाईला भाकर मिळाली. भुजंगनं पंचकी सोडली आणि तो प्रार्थनाघराबाहेर निंबाखाली बसला. बस म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पुढचं प्रभुभोजन झालं, त्याच्या पुढचंही झालं, तो तिथंच.

फाल्गुनात तो ज्वारीच्या खळ्यावर रास सावडत होता. चतुराबाई डोक्यावरचा भारा न उतरवता बांधावर थांबली.

"दादा, उद्याच्याला आत बसा."

भुजंगनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"माझ्या मनातलं समदं गेलं, असं न्हाई," ती म्हणाली. "पर तुम्ही बाहेर दिसले की मला बी भाकर गिळत न्हाई." आणि भारा सावरत ती बांधाबांधानं निघून गेली.