हाडक्याचे नऊ दिवस

तेयो बारिएन्तोस त्रेचाळीस चित्रपटांत मेला होता आणि त्यातल्या एकाही मरणाची घरी कुणाला झळ लागली नव्हती. गोळी लागून एकतीस वेळा, सुऱ्याने सात वेळा, गाडीखाली तीन वेळा, आणि उरलेल्या दोन वेळा दिग्दर्शकाला काही सुचलं नाही म्हणून नुसताच. नामावळीत तो अगदी खाली असायचा: 'दुसरा गुंड', 'कैदी क्रमांक चार', 'दारातला माणूस'. संवाद असलाच तर "ए!" एवढाच, आणि 'ए' म्हणेपर्यंत नायकाची गोळी पोचलेली असायची.

झळ लागली नाही याचं श्रेय त्याच्या बहिणीला, अम्पारोला. प्रत्येक चित्रपटाला ती आईला घेऊन जायची, आणि तेयो मरायच्या दोन मिनिटं आधी म्हणायची, "आई, चल, लाह्या संपल्या." तीस वर्षं हे बिनचूक चाललं. आईचं मत झालं होतं की मुलगा काम चांगलं करतो, फक्त लवकर कुठेतरी निघून जातो, आणि चित्रपटांना लाह्या फार लागतात.

मग ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी अम्पारो भाजीला गेली आणि आई टीव्हीसमोर एकटी राहिली.

दोन्ही गोष्टी रोजच्याच होत्या. आई, म्हणजे रेफुहिओबाई, चौऱ्याऐंशी वर्षांची. दोन वर्षांपासून तिच्या डोक्यातली माणसं जागा बदलत होती. दिवंगत नवऱ्याची ती सकाळी वाट पाहायची आणि समोर बसलेल्या अम्पारोला "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" असं विचारायची. पण तेयो तिच्या डोक्यात पक्का होता. तो दर गुरुवारी यायचा, ती म्हणायची, "आलास हाडक्या? जेवलास?" हाडक्या आता अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि त्याच्या पोटामुळे त्याला स्वतःचे बूट दिसत नव्हते, पण ती हाक काही बदलली नव्हती.

त्या दुपारी टीव्हीवर सत्तावीस वर्षांपूर्वीचा चित्रपट लागला. गोदामात, संत्र्यांच्या खोक्यांवर, काडीसारखा बारीक तेयो छातीवर हात ठेवून आडवा झाला. आईने तो उठायची वाट पाहिली. मध्ये कपडे धुवायच्या पावडरीची जाहिरात लागली, तीही तिने पाहिली, जाहिरातीनंतर उठेल म्हणून. उठला नाही. तेव्हा तिने टीव्ही बंद केला, कानातलं काढलं, आरशावर चादर टाकली आणि शेजारच्या एदुविहेस मावशीला फोन केला.

एदुविहेस मावशी म्हणजे त्या भागातल्या मयताच्या घरी नऊ दिवस जपमाळ सांगणारी बाई. अर्ध्या तासात तिने खोलीच्या मधोमध जमिनीवर चुन्याचा क्रूस काढला, चार मेणबत्त्यांत तेयोचा फोटो ठेवला आणि वीस माणसांची कॉफी चढवली. तेवढ्यात गोड पाव घेऊन तेयो आत आला.

मावशीच्या हातातली जपमाळ पडली.

"अगं बाई! हा तर हाच!"

"मावशी, हे काय चाललंय?"

"तुझंच चाललंय," मावशी म्हणाली. मग तिने स्वतःला सावरलं. "हे बघ, एकदा बसवलेले नऊ दिवस मोडता येत नाहीत. मेलेला जिवंत निघाला तरी."

"असा नियम आहे?"

"आजपासून आहे."

तेयो आईपुढे गुडघ्यांवर बसला. "आई, मी इथे आहे. हाडक्या."

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "आवाज त्याच्यासारखा आहे," ती सावकाश म्हणाली. "पण माझा हाडक्या एवढासा होता. तू त्याला खाऊन आल्यासारखा दिसतोस."

त्याने गाडी चालवायचा परवाना काढून दाखवला. तिने तो दूर धरला, जवळ धरला, आणि फोटोवरून अंगठा फिरवत ती हमसून रडायला लागली. "त्याचे फोटो कधी चांगले यायचेच नाहीत," म्हणाली, आणि परवाना फोटोशेजारी मेणबत्त्यांत ठेवून दिला. पुढचे नऊ दिवस तेयो विनापरवाना गाडी चालवत होता.

त्याने दुसऱ्या दिवशी सांगून पाहिलं, तिसऱ्या दिवशीही. प्रत्येक वेळी ती आधी थट्टा समजायची, मग तिला नव्याने आठवायचं की हाडक्या गेला, आणि पहिल्या दिवशीइतकीच मोठ्याने रडायची. तिसऱ्या संध्याकाळी अम्पारोने त्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"बस कर. 'मी जिवंत आहे' म्हणालास की ती तुला परत पुरते."

"मग मी काय करू?"

"कॉफी वाढ."

त्याने वाढली. लोक येत होते, जमिनीवरच्या क्रूसाला वळसा घालून बसत होते, जप करत होते. टायरवाला हिलारिओ त्याच्याच हातून कप घेत गहिवरून म्हणाला, "माणूस नव्हता, देव होता." मग हळूच, "साखर कमी पडलीय, तेयो." समोरची विधवा इतकी खरी रडली की तेयोला वाटलं, ही हे दोन दशकं आधी का बोलली नाही. मागच्या खुर्चीतून कुणीतरी म्हणालं, "नट म्हणून बेताचाच होता." त्याला पाव वाढायचा तेयोकडून राहून गेला.

सातव्या दिवशी एजंटचा फोन आला. भूमिका होती. प्रेत.

"तारखा नाहीत," तेयो म्हणाला. "घरी तेच काम चालू आहे."

आईला आता एवढं पटलं होतं की हा जाडा गृहस्थ हाडक्याबरोबर चित्रपटांत काम करायचा आणि शेवटच्या वेळी तिथे होता. रोज जप संपला की ती त्याला शेजारी बसवायची.

"फार हाल झाले का रे त्याचे?"

"नाही. पहिल्याच टेकला गेला."

हे खोटं होतं. अकरा टेक झाले होते, कारण संत्री घरंगळत होती.

"काही बोलला?"

लेखकाने त्याच्यासाठी काहीच लिहिलं नव्हतं. "उद्या सांगतो," तो म्हणाला. रोज तेच. त्याला वाटत होतं, नऊ दिवस आहेत, त्यात एकदा तरी ती मान वळवून म्हणेल, आलास हाडक्या. एकदा म्हणाली तरी पुरे होतं. कारण नवव्या दिवशी क्रूस उचलायचा असतो. चुना झाडून पेटीत भरतात, मेलेल्याला निरोप देतात, आणि मग त्या घरात त्याची कुणी वाट पाहत नाही.

आठव्या दिवशी अम्पारो म्हणाली, "क्रूस उचलायला तिने तुला निवडलंय."

"मी माझाच क्रूस उचलू?"

"दुसऱ्याला सांगू का? हिलारिओ तयार आहे."

"हिलारिओ तो चुना साखर म्हणून कॉफीत घालेल."

"मग तूच उचल." तिचा आवाज चिरकला. "तेयो, तिला झोप नाही. अंगणात जाऊन तुझ्या नावाने हाका मारते. मी 'ओ' देऊ तरी किती वेळा? संपव हे."

"संपवलं की ती मला शोधणार नाही, अम्पारो."

"शोधून सापडतोस कुठे?"

नवव्या दिवशी दुपारीच खोली भरली. एदुविहेस मावशीने त्याच्या हातात नवा कुंचा आणि बुटांची रिकामी पेटी दिली. ती जपाची एकेक ओळ म्हणायची, की तेयो क्रूसाचा एकेक भाग उचलायचा. आधी डोकं. मग उजवा हात, डावा हात. मग पाय. गुडघ्यांवर तो हळूहळू सरकत होता, आणि कॅमेरा नसतानाही त्याला सवयीने कळत होतं की उजेड कुठून पडतोय. छातीजवळचा मूठभर चुना तेवढा उरला. तिथे त्याचा हात थांबला.

"थांब," आई म्हणाली. "तो काय बोलला, ते तू सांगितलं नाहीस."

मावशीने जपमाळ मुठीत धरली. हिलारिओने कप खाली ठेवला. त्रेचाळीस मरणं झाली होती, आणि आज पहिल्यांदा सगळे तेयोच्या संवादासाठी थांबले होते.

"म्हणाला," तेयो म्हणाला, "आईला सांग, मी जेवलोय."

मग तिचे खांदे हलायला लागले. सगळ्यांना वाटलं ती रडतेय. ती हसत होती.

"खोटारडा! मरता मरता थाप मारून गेला. आयुष्यात कधी वेळेवर जेवला नाही." तिने डोळे पुसले. "असाच होता माझा हाडक्या."

त्याने नऊ दिवस वाट पाहिलेला शब्द आला होता. फक्त ती तो फोटोकडे बघून म्हणाली होती.

तेयोने छातीचा चुना झाडून पेटीत भरला आणि झाकण लावलं.

जमीन पुसून झाली, लोक गेले. पेटी थडग्यावर न्यायची असते. "चित्रपटवाल्यांनी कुठे पुरलंय ते तुलाच ठाऊक," आई म्हणाली, आणि त्याच्याबरोबर दारापर्यंत आली. तिची पावलं आज शांत पडत होती. तिने मक्याच्या पानात उकडलेल्या वाफाळत्या पुड्यांचा एक डबा त्याच्या हातात कोंबला.

"ज्याने क्रूस उचलला, तो त्या घरचा होतो. रीत आहे. आता दर रविवारी जेवायला यायचं. समजलं?"

"समजलं."

"आणि वेळेवर. त्याच्यासारखं नको करूस."

"नाही करणार."

"शहाणा आहेस." तिने त्याच्या गालावर हात ठेवला, आणि मग जरा ओशाळली. "नऊ दिवस आलास, एवढं केलंस, आणि मी विचारलंच नाही. तुझं नाव काय रे?"

तेयोने तोंड उघडलं. एका काखेत पेटीतला तो होता, दुसऱ्या हातात डबा. मागे अम्पारो भिंतीला टेकून उभी होती आणि पदर नसल्याने तिने तोंडावर भांडी पुसायचं फडकं धरलं होतं.

"असू दे, असू दे," आई म्हणाली. "रविवारी सांग. पण जेवायच्या आधी नको. रस्सा गार होतो."