परटाचा चेहरा

"डोळे मिटून पडायचं फक्त," कारभारी म्हणाला. "बाकीचं कारागीर बघंल."

नुमेरियस सर्टिनियस कपड्यांचा मळ काढणाऱ्या शिळ्या मुताच्या हौदात पोटरीभर उभा राहून लोकांचे झगे तुडवत होता. रोममध्ये सर्टिनियसांची घरं दोनच. एक या परटाचं, दुसरं परवा-परवा सिनेटर झालेल्या माणसाचं, ज्याचा हा कारभारी. परटाचा खापरपणजोबा मात्र ट्रिब्यून होता, सामान्यांनी निवडलेला. पोरांना लढाईवर ओढून नेणाऱ्या कॉन्सलला, रोमच्या सर्वांत मोठ्या अधिकाऱ्याला, त्यानं भर चौकात अडवलं होतं. घराण्याचा इतिहास एवढाच. त्यानंतर सगळे परीट.

आता सिनेटरचा बाप वारला होता. मोठ्यांच्या अंत्ययात्रेत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे घालून नट चालतात, आणि यांच्याकडे मिरवायला पूर्वजच नव्हता. म्हणून त्यांना तो ट्रिब्यून हवा होता आणि मुखवट्याचा साचा काढायला त्याच्या वंशजाचा, नुमेरियसचा, चेहरा. शिवाय नुमेरियसनं साक्षीदारांसमोर सांगायचं, की आम्ही तुमच्या घराण्यानं मुक्त केलेल्या गुलामांचे वंशज, म्हणून नाव एक; म्हणजे ट्रिब्यून त्यांचाच ठरला.

त्याची बायको विबिया पिळता पिळता थांबली. "बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणतात. ह्यांनी श्राद्ध मांडलं न् मग बाप हुडकायला निघाले."

कारभाऱ्यानं शांतपणे बजावलं, की मुखवटा दुसऱ्या कुणाच्या तोंडावरून होईल, पण या दुकानात मग एक चिंधीही धुवायला येणार नाही. तरी नुमेरियस म्हणाला, "कारभारी, लोकांची घाण तुडवतो आम्ही. पण गुलाम कुणाचे नव्हतो."

चौथ्या दिवशी यात्रा चौकात आली. गुबगुबीत गालांचा मुखवटा चढवून एक नट ट्रिब्यून म्हणून डुलत होता. नुमेरियस स्वच्छ झगा घालून गर्दीतून निघाला आणि त्याच्या शेजारी चालू लागला.

कारभाऱ्यानं त्याचा दंड धरला. "मागं हो. इथं पूर्वज चालतात."

"मग ऐक त्यांची नावं," नुमेरियस म्हणाला आणि चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागला. मी नुमेरियस, लुकियसचा मुलगा, परीट. लुकियस, ऑलसचा मुलगा, परीट. ऑलस, स्पुरियसचा मुलगा, तोही परीट. एका मासेवालीनं टोपली खाली ठेवली. कारभाऱ्याच्या माणसांची पहिली लाठी तोंडावर बसली तेव्हा दोन पिढ्या उरल्या होत्या. त्या त्यानं खाली पडून सांगितल्या, ट्रिब्यूनपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुकानात कुणीच आलं नाही. हौदात एकच झगा होता, त्याचा स्वतःचा, रक्तानं माखलेला. विबिया पुरे म्हणाली, तरी तो बराच वेळ तुडवत राहिला.